वसईतलं 'मुंबई स्पेशल'

वसई म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? विरार लोकलची गर्दी, चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला, केळीच्या बागा, सुकेळी आणि फार तर एखाद्या मित्राच्या लग्नातला ब्रास बँड. मी मात्र गेल्या महिन्यात वसईला गेले ती घड्याळं बघायला. तीही मनगटी, जुनी आणि एकूण फक्त दोन!

हसू नका. जुन्या घड्याळांचं वेड सध्या जाम पसरलंय. वेळ बघायला मोबाइल काढणारी आपली पिढीच आता आजोबांच्या कपाटातली चावीची घड्याळं शोधत फिरतेय. ऑफिसात एकाच्या मनगटावर स्मार्टवॉच, शेजारच्याच्या मनगटावर एचएमटी. आणि लंच टाइमला प्रश्न एकच... ओरिजिनल आहे का रे?

मला स्वतःला हे वेड बरंच आधी लागलं. चोर बाजारात कित्येक शुक्रवार घालवले आहेत. पण 'ओरिजिनल' या शब्दाचा फंडा वसईतल्या त्या एका रविवारी जितका नीट दिसला, तितका चोर बाजारात कधी दिसला नव्हता.

दोन घड्याळं, एक टेबल

झालं असं, की ऑफिसातल्या एका मित्राचं जानेवारीत लग्न आहे. तो राहतो गिरीजला. म्हणाला, "तू येच. दोन घड्याळं दाखवायचीत. एकाचं कौतुक कर आणि दुसऱ्याचं काय करायचं ते सांग."

वसई रोडला पश्चिमेला उतरलं की पहिली काही मिनिटं तुम्ही मुंबईच्याच एखाद्या उपनगरात असता. टॉवर, मोबाइलची दुकानं, हॉर्न. रिक्षा पापडीच्या पुढे गेली की हळूहळू नारळ दिसायला लागतात, विहिरी दिसतात, रस्त्याकडेचे क्रूस दिसतात. जुन्या कौलारू घराला चिकटून उभा असलेला नवा दुमजली बंगलाही दिसतो. इथल्या कितीतरी घरांतला एखादा तरी माणूस आखातात नोकरी करून आलेला असतो. मित्राचे पप्पा त्यातलेच. १९८१ साली बहारीनला गेले आणि बरोबर सात वर्षांनी कायमचे परत आले.

चहा आला, बरोबर सुकेळी आली आणि मित्रानं टेबलावर दोन्ही घड्याळं ठेवली.

पहिलं त्याचं स्वतःचं. एचएमटी जनता, ऑनलाइन मागवलेलं. केशरी तबकडी अशी चकाकणारी की नजर हटू नये. विकणाऱ्यानं लिहिलं होतं, 'व्हिंटेज, फुल ओरिजिनल'.

दुसरं पप्पांचं. सेको फाइव्ह. काचेवर इतके ओरखडे की आतला वार धड वाचता येत नव्हता. पांढरी तबकडी जुन्या वहीच्या पानासारखी पिवळट झालेली. चारच्या आकड्याजवळ तपकिरी डाग. पट्टा तर दिसताक्षणीच नंतरचा वाटत होता.

"बहारीनच्या पहिल्या पगारात घेतलं होतं म्हणे," मित्र म्हणाला. "लग्नात हेच घालायचंय. पण फोटोत हे असं दिसणार का? मुंबईत एक जण तबकडी रंगवून एकदम नवीन करून देतो. पॉलिश मारतो. काटेही चकाचक. देऊन टाकू?"

मी अंकलकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "त्याला दिलंय ना आता," एवढंच म्हणाले. "त्यानं ठरवायचं."

प्रश्न दिसायला साधा होता, पण तबकडी एकदा खरवडली की परत येत नाही. लोखंडी कपाटाला रंग काढावा तसा जुना थर आधी साफ करतात आणि मग नवा चढवतात. निर्णय घ्यायचा तो त्याआधीच.

चेहरा नवा, पोट जुनं

आधी कौतुकाचं घड्याळ घेऊ. एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूला घड्याळांचा कारखाना सुरू केला तो १९६१ साली. त्या काळात परदेशी घड्याळांवर आयातीचे कडक निर्बंध होते आणि स्मगलिंगचं पेव फुटलेलं. अशा वेळी जनता, पायलट, कोहिनूर, सोना या नावांनी मध्यमवर्गीय मनगटांवर राज्य केलं. दहावी पास झालात, नोकरी लागली, जावई आला... एचएमटी! पुढे क्वार्ट्झ आलं, टायटन आलं आणि अखेर २०१६च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. बातमी आली आणि जुन्या एचएमटींची मागणी एकदम वाढली. मागणी वाढली की काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

केशरी रंग बघून लगेच नकली म्हणायचं नसतं. मी पर्समधलं भिंग काढलं. एचएमटीची अक्षरं भिंगाखाली जाड आणि किंचित पसरलेली दिसत होती. कारखान्यातली छपाई अशी नसते, तिच्या कडा स्वच्छ असतात. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या बरोबर समोर यायला हव्यात, इथे सातपासून पुढे त्या सरकत गेल्या होत्या. मिनिटकाटा मिनिटांच्या वर्तुळापर्यंत पोचतच नव्हता, म्हणजे तो दुसऱ्या कुठल्यातरी घड्याळातून आलेला. आणि हाताच्या ओंजळीत अंधार करून बघितलं तर आकड्यांवरचे ठिपके हिरवेगार चमकले! कित्येक दशकांपूर्वीचा चमकता रंग इतका ताजा राहत नाही. आधी तो म्हातारा होतो, मग विझतो.

"म्हणजे फेक?" मित्राचा चेहरा पडला.

"मुंबई स्पेशल," मी म्हटलं.

हा शब्द माझा नाही. जगभरचे घड्याळवेडे अशा घड्याळांना याच नावानं ओळखतात. जुनं मशीन, रंगवलेली तबकडी, कुठून कुठून जमवलेले काटे, पॉलिश मारून कडा गोल झालेली केस आणि भडक रंग... हे सगळं जोडून भारतातून जे घड्याळ बाहेर जातं ते मुंबई स्पेशल. एचएमटीची होतात, सेकोची होतात, फाव्र-लुबाची होतात, वेस्ट एंडची होतात. वडापावनंतर आपल्या शहराच्या नावावर जगात आणखी काय खपतं, तर हे.

पण थांबा. लगेच या कारागिरांना शिव्या देऊ नका. त्यांच्या हातात ही कला आली कुठून? ज्या काळात परदेशी सुटे भाग मिळणं मुश्किल होतं, त्या काळात पावसाळ्यात पाणी शिरलेलं वडिलांचं घड्याळ लोक फेकून द्यायचे नाहीत. तबकडी रंगवून घ्यायचे, दुसऱ्याचा काटा बसवायचे, वापरायचे. त्यात फसवणूक नव्हती, कारण घालणाऱ्याला माहीत होतं काय केलंय ते. तेच हात, तोच ब्रश. त्याच्यावर 'फुल ओरिजिनल' अशी चिठ्ठी लागते तेव्हा लबाडी सुरू होते.

आकडे बोलतात

आता अंकलचं सेको. वसईचं आणि जपानचं नातं तसं फार जुनं. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मरण आलं आणि १८६२ साली चर्चनं त्यांना संतपद दिलं. वसईतलं कॉलेज त्यांच्याच नावानं आहे. पुढे जपानमधून वसईला जे आलं ते मात्र आखातमार्गे. टेपरेकॉर्डर, कॅमेरा आणि सेको फाइव्ह!

सेकोची गंमत अशी, की ते स्वतःचा जन्मदाखला पाठीवर घेऊन फिरतं. मागच्या झाकणावर आधी चार आकडे असतात, तो मशीनचा नंबर. मग आडवी रेघ आणि केसचा नंबर. शिवाय वेगळा सिरियल नंबर. त्या सिरियलचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना. जानेवारी ते सप्टेंबर एक ते नऊ, ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी.

अंकलच्या घड्याळावर मशीनचा नंबर ७००९ आणि सिरियलची सुरुवात ०८ अशी. म्हणजे शून्यानं संपणाऱ्या वर्षातला ऑगस्ट. पण कुठलं शून्य? १९७० बाद, कारण तेव्हा ७००९ हे मशीनच आलेलं नव्हतं. राहिली १९८० आणि १९९०. सन ८०चा ऑगस्ट असेल तर ८१ साली बहारीनच्या दुकानात ते मिळणं अगदी जुळतं. ९० असेल तर मात्र घरातली गोष्ट आणि घड्याळ यांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय.

तबकडीच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक नंबर असतो. तिथेही सुरुवात ७००९ नं. जुळलं. मग मी चावी ओढून काटे फिरवले, वार पुढे सरकवला. इंग्रजी एसयूएन गेलं आणि खिडकीत अरबी अक्षरं आली! आखातात विकायला पाठवलेल्या सेकोत वाराची चकती अशी दोन भाषांची असायची.

अंकल पहिल्यांदाच पुढे झुकले. "मी नेहमी इंग्रजीवरच ठेवायचो," म्हणाले. "पण तिथला आमचा सुपरवायझर अरबीवर लावून द्यायचा. म्हणायचा, शुक्रवार तरी वाचायला शीक, सुट्टी असते."

मित्र त्यांच्याकडे बघतच राहिला. हा सुपरवायझर त्यालाही नवीन होता.

झाकणाच्या आत

तरीही ८० की ९० हा प्रश्न उरलाच. मागचं झाकण उघडायला हवं होतं आणि ते घरी उघडायचं नसतं. चाकू घालून झाकण उचकटणारे वीर मी पाहिलेत. त्यांच्या घड्याळांवर ते ओरखडे जन्मभर राहतात. अंकल म्हणाले, "चल बाय, आपला घड्याळजी अजून बसतो. रविवारी दुपारपर्यंत असतो तो."

वसई गावात, पारनाक्याच्या बाजूला बाजारातल्या एका गल्लीत दुकान. दुकान म्हणजे काचेचं एक कपाट, टेबल, दिवा आणि त्यामागे सत्तरीचे काका, डोळ्याला भिंग अडकवलेले. टाळ्यासारखी दिसणारी चावी लावून त्यांनी झाकण फिरवलं आणि आधी मशीन बघितलं. त्यावरही ७००९. झाकण, तबकडी, मशीन, तिघांची साक्ष एक.

मग काकांनी झाकण उलटं केलं आणि दिव्याखाली तिरकं धरलं. "हे बघा मॅडम."

चकचकीत स्टीलवर सुईनं ओढलेल्या अगदी बारीक खुणा होत्या. घड्याळ सर्व्हिसिंगला आलं की कारागीर झाकणाच्या आत स्वतःची खूण आणि तारीख कोरून ठेवतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढच्या कारागिराला दिसते. पहिली खूण होती ३-८७. बाजूला एक छोटी फुली.

"ही आमच्या वडिलांची," काका म्हणाले. "ते फुली मारायचे. खालच्या तीन माझ्या."

अंकलनी हिशेब केला. ८७च्या मार्चमध्ये ते सुट्टीवर आले होते. घड्याळ मागे पडत होतं म्हणून इथे टाकलं होतं. म्हणजे १९९०चा प्रश्नच मिटला! ज्या झाकणावर ८७ साली खूण झाली ते घड्याळ ८० सालचंच.

"काच मी बदललीय," काकांनी विचारायच्या आधीच सांगितलं. "चावी पण. आपल्या खाऱ्या हवेत चावीतूनच गंज आत शिरतो. चारजवळचा डाग आहे ना, तो त्याचाच. तबकडीला मात्र हात लावला नाही. का लावायचा? वेळ दिसते की."

मित्रानं खिशातून केशरी एचएमटीही पुढे केलं. काकांनी ते उघडलं, थोडा वेळ कानाशी धरलं. "मशीन एचएमटीचंच आहे, सतरा ज्वेल. मस्त चालतंय. घाला बिनधास्त. फक्त कुणाला जुनं म्हणून विकू नका."

आता सांगा, दोघांतलं ओरिजिनल कुठलं? एकाला डाग नाही, ओरखडा नाही. दुसऱ्याची काच बदललेली, चावी बदललेली, पट्टा तर तिसरा की चौथा. तरी उत्तर सोपं आहे. सेकोत जे बदललं ते कुणी, कधी आणि का बदललं हे सांगता येतं, दाखवता येतं. एचएमटीत जे बदललंय ते लपवण्यासाठीच बदललंय.

घंटेवरचं साल

अंकलच्या घरी चिकन आणि फुगे हाणल्यावर संध्याकाळी आम्ही किल्ल्यात गेलो. वसईला जाऊन किल्ला न बघता परतलात तर ती ट्रिप फाउल धरली जाते! १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेनं ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांतल्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. छप्पर नाही, खिडक्यांतून झाडं आलीयत. जवळ जाऊन बघा. कुठे जुना चिरा दिसतो, कुठे नंतरच्या दुरुस्तीचा थर. दोन्ही वेगळे ओळखू येतात आणि म्हणूनच किल्ला खरा वाटतो.

इथल्या चर्चमध्ये एके काळी मोठमोठ्या घंटा होत्या. वसई जिंकल्यावर मराठे त्या घेऊन गेले. एक आज नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात आहे. तिच्यावर साल कोरलंय १७२१. एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. तिच्यावर साल १७०७, शिवाय मेरी आणि बाळ येशूची आकृती. हिंदू देवळात मेरीची घंटा! ती तिथली नाही हे ती स्वतःच सांगते आणि दोन्ही सालं १७३९च्या आधीची आहेत, म्हणजे गोष्ट जुळते. कुणा हौशी माणसानं 'देवळाला शोभत नाही' म्हणून ती आकृती घासून काढली असती आणि घंटा चकचकीत पॉलिश केली असती तर? आवाज तोच आला असता. पण ती वसईहून आली हे सांगायला तिच्याकडे काहीच उरलं नसतं.

मी हे बोलत होते तेव्हा मित्र तटबंदीवर बसून सेकोकडे बघत होता. मग त्यानं ते मनगटावर चढवलं.

"तबकडी राहू दे," म्हणाला. "काकांकडून फक्त सर्व्हिसिंग करून घेतो. आणि काच जरा घासून."

"फोटोत डाग दिसेल," अंकल म्हणाले.

"दिसू दे ना पप्पा."

अंकल गप्प राहिले. जरा वेळानं म्हणाले, "मग लग्नाची वाट बघू नकोस. उद्यापासूनच घाल. ऑटोमॅटिक आहे, कपाटात पडलं की बंद पडतं."

सोमवारी तो ऑफिसला सेको घालून आला. वार अरबीत लावलेला होता. शुक्रवार कसा लिहितात हे आता आमच्या अख्ख्या टीमला पाठ झालंय.

जुनं घड्याळ घेताना

- फोटो तीन मागा: तबकडी अगदी समोरून, मागचं झाकण आणि झाकण उघडून मशीन. मशीनचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर नमस्कार करा आणि निघा.
- अक्षरं भिंगातून बघा. जाड, पसरलेली, तिरकी असतील तर तबकडी रंगवलेली आहे.
- मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतो का? सेकंदकाटा त्याच धाटणीचा आहे का?
- सेको असेल तर झाकण, तबकडी आणि मशीन, तिन्हीकडचा मशीन नंबर ताडून बघा.
- वय चाळीस आणि चेहरा कालचा? मग वयाचा दाखला मागा.
- रंगवलेलं घड्याळ आवडलं तर जरूर घ्या. फक्त किंमत रंगवलेल्या घड्याळाचीच द्या.

कसं जाल?

पश्चिम रेल्वेनं वसई रोड. पश्चिमेला बाहेर पडलं की वसई गावासाठी बस आणि रिक्षा मिळतात, तिथून किल्ला जवळच. २०२४ साली भाईंदर ते वसई रो-रो बोटही सुरू झाली. वेळापत्रक आधी बघून मगच निघा. पावसाळा सरल्यावरचे महिने बेस्ट. आणि हो, निघताना एकदा घरातलं जुनं कपाट उघडून बघा. एखादं बंद घड्याळ सापडलं तर ते पुसू नका, आधी ज्याचं आहे त्याला विचारा... कुठून आलं?